अल्पमोली फीत आणि हळुवार सूर

वऱ्हाडांतील बुलढाणा जिल्ह्यांत पैनगंगेच्या कांठीं मेहकर हें जुनें गांव आहे. आगगाडी तेथवर कधीं आलीच नाहीं. मुंबईस जावयाचें म्हणजे आधीं मलकापूर गांठावयाचें आणि तेथून पुढें लोहमार्गानें सुमारें पांचशें किलोमीटर प्रवास करावयाचा. या मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे यांनीं ऐन विशींत लिहिलेली ‘शीळ’ ही कविता गो. ना. जोशी यांनीं गाइली आणि १९३२ च्या सुमारास हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीनें तिची तबकडी काढली. कवीचा ‘शीळ’ हा संग्रह छापून निघाला तो १९५४ सालीं. म्हणजे कविता पुस्तकांत येण्यापूर्वीं वीसएक वर्षें ती लोकांच्या कानांत घोळत होती. मराठी भावगीताचा इतिहास सांगतांना या तबकडीचें नांव अग्रभागीं घेतात, तें रास्तच आहे. परंतु शेजारीं बसून कोणी गुणगुणावें अशा ज्या हळू आवाजावर भावगीताची सारी मोहिनी अवलंबून आहे, तो आवाज तबकडीवर उतरण्यासाठीं आधीं मायक्रोफोन यावा लागला, ही गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाहीं.

मायक्रोफोन येण्यापूर्वीं गाणें टिपण्याचें काम कर्णा करीत असे. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग १९०२ सालीं कलकत्त्यास आले, तेव्हां त्यांच्याजवळ विजेचें कसलेंही साधन नव्हतें. गायकानें पत्र्याच्या कर्ण्यांत तोंड घालून गावयाचें, त्या श्वासाच्या जोरानें एक पातळ पडदा हलावयाचा आणि त्या पडद्याला जोडलेल्या सुईनें मेणाच्या तबकडीवर रेघ कोरावयाची, एवढीच ती युक्ति. सुई हलविण्याची सगळी शक्ति गायकाच्या गळ्यांतून यावयाची असल्यामुळें ज्याचा आवाज मोठा त्याचेंच गाणें नीट उठे. तंबोऱ्याचा झंकार बहुतेक नाहींसा होई आणि तबला डबा वाजविल्यासारखा ऐकूं येई. त्यांतून वेळ जेमतेम तीन मिनिटांचा. ज्या गायकानें एकेका रागाची बढत तासभर करावी, त्यानें तीन मिनिटें ओरडून गावें आणि पुढच्या पिढीनें तेंच त्याचें गाणें समजावें, असा हा व्यवहार होता. भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले; त्यांच्या गाण्याची एकही तबकडी मागें राहिली नाहीं. अल्लादियाखांसाहेब १९४६ पर्यंत हयात होते, तरी त्यांचेंही गाणें मुद्रित होऊन उरलें नाहीं. अब्दुल करीमखांसाहेबांचें गाणें मात्र दोन्ही युगांत टिपलें गेलें. १९०५ च्या सुमारास त्यांनीं कर्ण्यापुढें गाऊन कांहीं तबकड्या दिल्या, आणि १९३७ सालीं त्यांचें निधन होण्यापूर्वीं दोन-तीन वर्षें त्यांनीं ओडियन कंपनीसाठीं विजेच्या यंत्रावर गाइलें. गळा एकच, परंतु पहिल्या तबकड्यांत तो दुरून हांक मारल्यासारखा वाटतो आणि दुसऱ्यांत तंबोऱ्याच्या स्वरांत विरघळून जातो. मधल्या तीस वर्षांत खांसाहेबांचें गाणें बदललेंच, पण त्याहून अधिक बदललें तें त्यांच्यासमोरचें यंत्र.

हें विजेचें ध्वनिमुद्रण १९२५ सालीं अमेरिकेंतील व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांनीं वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या पद्धतीनें सुरू केलें. आतां सुई हलविण्याचें काम विजेनें पत्करलें आणि गळ्याकडे केवळ सूचना देण्याचें काम उरलें. सेकंदास १०० पासून ५,००० पर्यंतचीं कंपनें तबकडीवर येऊं लागलीं. मात्र त्यासाठीं हवेंतील लहरीचें विजेच्या लहरींत रूपांतर करणारा मायक्रोफोन चांगला हवा. मराठींत त्यास ध्वनिक्षेपक म्हणण्याची चाल पडली आहे. वस्तुतः तो ध्वनि फेंकीत नाहीं, झेलतो. पण नांव रूढ झालें तें झालें.

त्या काळीं निवड करावयाची ती तीन जातींतून. पहिली जात कोळशाच्या भुकटीची. ती स्वस्त आणि दणकट, परंतु तिच्यांतून पाऊस पडल्यासारखी एक खरखर सतत येत राही. बी. बी. सी.नें कांहीं वर्षें संगमरवराच्या ठोकळ्यांत बसविलेला मार्कोनी-राइझ हा कोळशाचाच मायक्रोफोन वापरला आणि त्यावर उत्तम कार्यक्रमही केले. तरी ती खरखर गेली नाहीं. दुसरी जात कंडेन्सरची. ई. सी. वेंट यांनीं १९१६ च्या सुमारास ती सिद्ध केली. आवाज स्वच्छ, पण यंत्र नाजूक. त्याच्या पोटाशींच दिव्यांचा वर्धक ठेवावा लागे, आणि हवा दमट झाली कीं तें फसफसूं लागे. मुंबईच्या जुलै-ऑगस्टांत असें यंत्र संभाळणें म्हणजे तान्हें मूल संभाळण्यासारखेंच. तिसरी जात हलत्या वेटोळ्याची. तिची दणकट बांधणी वाखाणण्याजोगी होती. इंग्लंडमध्यें अ‍ॅलन ब्लुमलीन यांनीं १९३० च्या पुढें-मागें तिची एक उत्कृष्ट आवृत्ति तयार केली आणि ग्रामोफोनच्या धंद्यांत ती पुष्कळ चालली.

या तिहींच्या पंक्तींत चौथी जात येऊन बसली ती फितीची. रिबन मायक्रोफोन म्हणतात तो हाच. त्याची कल्पना जर्मनींत सीमेन्स कंपनीचे वाल्टर शॉट्की आणि एर्विन गेर्लाख यांनीं १९२४ सालीं मांडली. यंत्र म्हणावें तर त्यांत यंत्र जवळजवळ नाहींच. चुंबकाच्या दोन टोकांमध्यें ॲल्युमिनियमची एक फीत सैलसर टांगलेली असते. मिलिमीटरचे पांचशें भाग केले तर त्यांतील एका भागाइतकी तिची जाडी. तिला आडव्या बारीक चुण्या घातलेल्या असतात. हवा हलली कीं फीत हलते, चुंबकाच्या क्षेत्रांत धातु हलली कीं तिच्यांत वीज उत्पन्न होते, आणि ती वीज दोन्ही टोकांवरून उचलून घेतली कीं झालें. पडदा, भुकटी, वेटोळें यांपैकीं कशाचीही गरज नाहीं. फीत इतकी हलकी आणि इतकी सैल असते कीं तिची स्वतःची कंपनसंख्या अगदीं खालीं, ऐकूं येणाऱ्या स्वरांच्या तळाशीं जाऊन पडते. ताणलेल्या पडद्याचा मायक्रोफोन वरच्या पट्टींत कोठें तरी आपला स्वतःचा स्वर मिसळतो आणि सगळ्या गाण्यावर एक चकाकी चढवितो. फितीला वरच्या पट्टींत असा स्वतःचा स्वर नसल्यामुळें तिच्या मुद्रणांत गळा गळ्यासारखा आणि पितळ पितळेसारखें ऐकूं येतें.

या गुणाचें मोल होतें, आणि तें फारच मोठें होतें. सीमेन्सच्या काळचे चुंबक दुबळे असल्यामुळें फितीची वीज अत्यंत क्षीण येई. अमेरिकेंत आर. सी. ए. कंपनीचे हॅरी ओल्सन यांनीं चुंबकाची रचना सुधारली, आणि १९३१-३२ मध्यें त्या कंपनीचे फितीचे मायक्रोफोन बाजारांत आले. त्यांतला ‘४४’ हा नमुना पुढें जगभर छायाचित्रांतून परिचित झाला. वजन तीन किलोंहून अधिक, आणि किंमत इंग्लंडमध्यें सुमारें १३० पौंड. त्या वेळीं रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स असा बांधलेला होता. तेव्हां ही किंमत १,७०० रुपयांच्या वर जाते. एका नभोवाणी केंद्रास एक मायक्रोफोन पुरत नाहीं, दहा-वीस लागतात. बी. बी. सी.सारख्या संपन्न संस्थेसही ही किंमत झेपली नाहीं.

मग त्या संस्थेच्या अभियंत्यांनीं मार्कोनी कंपनीच्या साह्यानें आपलाच फितीचा मायक्रोफोन तयार करावयाचें ठरविलें. १९३४ सालीं ‘टाइप ए’ या नांवानें तो बाहेर पडला, आणि त्याची किंमत पडली सुमारें ९ पौंड, म्हणजे १२० रुपये! चौदाव्या हिश्शाच्या किंमतींत जवळजवळ तोच आवाज हातीं आला. छिद्रें पाडलेल्या पत्र्याचें, औषधाच्या वडीसारख्या आकाराचें तें धूड पुढें अनेक वर्षें बी. बी. सी.चें जणूं बोधचिन्ह होऊन बसलें. संशोधनाच्या इतिहासांत शॉट्की आणि ओल्सन यांचीं नांवें घेतलीं जातात, आणि ‘टाइप ए’ची वासलात एका ओळींत लावली जाते. हा न्याय नव्हे. फितीचा शोध लागला १९२४ सालीं, पण फीत साध्या गायकासमोर येऊन उभी राहिली ती १३० चे ९ झाले तेव्हां. स्वस्त करणें हेंही एक संशोधनच आहे, आणि पुष्कळदां तें मूळ शोधापेक्षां अवघड असतें.

हिंदुस्थानांत नभोवाणीचा संसार तेव्हां ओढग्रस्तीचा होता. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें केंद्र सुरू झालें. तें चालविणारी खाजगी कंपनी १९३० मध्येंच बुडाली आणि सरकारास तो भार उचलावा लागला. १९३५ सालीं बी. बी. सी.चे लायोनेल फील्डन येथें आले. त्यांच्या मागोमाग १९३६ च्या आरंभीं त्याच संस्थेच्या संशोधन-विभागाचे एच्. एल्. कर्क देशाची पाहणी करण्यास आले. त्याच वर्षीं ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव पडलें. त्यामुळें लंडनच्या स्टुडिओंतील रीतिभाति इकडच्या केंद्रांत उतरल्या यांत आश्चर्य नाहीं.

फितीच्या मायक्रोफोनची सर्वांत मनोरंजक रीत नभोनाट्यांत दिसून येई. फीत पुढून ऐकते आणि तितक्याच नेमकेपणानें मागूनही ऐकते; दोन्ही बाजूंच्या कडांना मात्र ती बहिरी असते. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखें तिचें श्रवणक्षेत्र पडतें. दोन नट तिच्या दोन अंगांना समोरासमोर उभे राहात, एकमेकांच्या डोळ्यांत पाहून संवाद म्हणत, आणि दोघांचाही आवाज सारखा उठे. ‘मी चाललों’ असें म्हणून पात्रास जावयाचें असलें कीं नट पाऊल न वाजवितां बहिऱ्या बाजूस सरके. घरोघरच्या श्रोत्यांस तो दाराबाहेर गेल्यासारखा वाटे. गायकांसही या बहिऱ्या बाजूचा उपयोग होई. जोरकस तबला तिकडे बसवावा, म्हणजे गळ्यावर त्याची कुरघोडी होत नसे.

नागपूरचें केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें आणि वऱ्हाडच्या गायकांस मुंबईपेक्षां जवळचें ठिकाण मिळालें. जवळचें, पण दाराशीं नव्हे. मेहकर, चिखली, देऊळगांव राजा किंवा लोणार येथील भजनी मंडळास नागपूर गांठणें म्हणजे शेतीचीं कामें टाकून निघणें आणि पखवाज-वीणा उराशीं धरून मोटार आणि आगगाडी बदलीत जाणें. गायकानें यंत्राकडे जावयाचें, हा कर्ण्याच्या काळचा नियम मायक्रोफोनच्या काळांतही सुटला नाहीं. यंत्र महाग असतें तोंवर तें एके ठिकाणीं बसून राहतें आणि दूरच्यांनीं त्याच्या पायांशीं यावें अशी अपेक्षा करतें. ज्यांना येतां आलें नाहीं त्यांचा आवाज त्यांच्याबरोबर गेला.

दुसऱ्या महायुद्धानंतर फितीचे दिवस पालटले. जर्मनीचे नवे कंडेन्सर मायक्रोफोन १९४९ पासून बाजारांत येऊं लागले. त्यांचा आवाज उजळ, वीज भरपूर. बी. बी. सी.नें १९५० नंतरच्या दशकांत ‘४०३८’ हा फितीचा सुंदर नमुना घडविला आणि तो अजूनही तयार होतो, परंतु एकंदर जगानें फितीला म्हातारी ठरवून माळ्यावर टाकलें. तिला पुन्हां खालीं आणलें तें संगणकावरील ध्वनिमुद्रणानें. जुन्या टेपच्या फितीवर आवाजाची धार आपोआप थोडी बोथट होई. संगणकावर ती जशीच्या तशी उमटूं लागली, तेव्हां स्वस्त कंडेन्सरची चकाकी कानांस टोंचूं लागली. त्याच सुमारास निओडिमियम धातूचे, १९८० नंतर निघालेले प्रबळ चुंबक सहज मिळूं लागले. ओल्सनला जें काम करण्यास किलोकिलोचें लोखंड लागे तें मुठींत मावूं लागलें. १९९८ सालीं अमेरिकेंतील रॉयर यांच्या ‘आर-१२१’ नें फितीची प्रतिष्ठा परत आणली; पण तिची किंमत हजार डॉलरांच्या वर. त्यानंतरच्या दहा वर्षांत चीनमधील कारखान्यांनीं तीच रचना पुष्कळ खालच्या किंमतींत बनविली. एम्. एक्स्. एल्. कंपनीचा ‘आर-१४४’ अमेरिकेंत सुमारें १०० डॉलरांस विकला गेला. १९३४ सालीं जें एकदां घडलें तें असें पुन्हां एकदां घडून आलें.

फरक एवढाच कीं या वेळीं स्वस्त झालेली फीत संस्थेच्या नव्हे तर एकट्यादुकट्या माणसाच्या आवांक्यांत आली. यंत्र आतां पिशवींत घालून गायकाच्या ओसरीवर नेतां येतें. बुलढाणा जिल्ह्याच्या दृष्टीनें हा सगळ्यांत महत्त्वाचा पालट होय. कारण येथील संगीत स्टुडिओंत फारसें राहात नाहीं. तें शेगांवच्या दिंडींत, गांवोगांवच्या काकडआरतींत, गोंधळाच्या रात्रींत आणि म्हाताऱ्या बायकांच्या ओव्यांत असतें. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवें यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यावरून या धनाच्या अफाटपणाची कल्पना येते. जातीं थांबलीं आहेत. ओव्या ज्यांना येतात त्यांचीं वयें झालीं आहेत.

अशा संगीतास फीत मानवते काय, याचें उत्तर टाळांनीं द्यावें. वीसपंचवीस टाळकरी एका लयींत टाळ वाजवूं लागले म्हणजे स्वस्त कंडेन्सरमधून पत्र्यावर खडे पडावे तसा आवाज येतो आणि अभंगाचे शब्द त्याखालीं गाडले जातात. फीत वरच्या पट्टींत हळूंहळूं मावळत जाते. टाळ मागें सरतात, शब्द पुढें येतात. दिंडींतील भजनांत टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, त्यांच्या मधोमध फीत ठेवली आणि पखवाज बहिऱ्या बाजूस घेतला तर एकाच मायक्रोफोनवर सगळें भजन तोलून उठतें. जणूं हा आठाचा आकडा वारकऱ्यांसाठींच काढला होता! जात्यावरच्या ओवीसही तीच युक्ति लागू पडते: बाईचा गळा समोर, जात्याची घरघर बाजूस.

परंतु अल्पमोली फीत घेणारानें तिचीं व्यंगें आधीं जाणून घ्यावींत. किंमतींत वाचलेला पैसा बहुधा वर्धकावर जातो. फितीची वीज इतकी क्षीण असते कीं मंद गाण्यासाठीं ती हजारापासून तीन हजारपट वाढवावी लागते, आणि हलक्या वर्धकास हें काम दिलें कीं तो गाण्याबरोबर आपलाही सुसकारा ऐकवितो. म्हणून मायक्रोफोन शंभराचा आणि वर्धक दोनशेंचा, हा हिशेब विचित्र दिसला तरी शहाणपणाचा आहे. उलट महागडी फीत निकृष्ट वर्धकास जोडणें म्हणजे फुटक्या घागरींत गंगाजल भरणें. कंडेन्सरला केबलींतून ४८ व्होल्टांची वीज पुरवितात. बिनवर्धकाच्या साध्या फितीला तिची गरज नसते, आणि केबल सदोष असेल तर त्या झटक्यानें फीत ताणली जाऊन कायमची निकामी होते. गायकास अगदीं जवळ बसवूं नये. जवळ गेलें कीं खर्ज फुगतो. हात-दोन हात अंतर ठेवावें. ‘प’ आणि ‘फ’ या अक्षरांचा फुत्कार फितीवर सरळ पडूं नये म्हणून ती तोंडाच्या रेषेपासून किंचित तिरपी धरावी.

उघड्यावर मात्र तिचा नाद सोडावा. पंढरीच्या वाटेवरची दिंडी भर वाऱ्यांत टिपावयाची असेल तर हलत्या वेटोळ्याचा दणकट मायक्रोफोनच बरा. वऱ्हाडांत वैशाखांत उठणारी वावटळ दोन-हजारांश मिलिमीटरच्या फितीस एका फटक्यांत वाकवील. देवळाचा सभामंडप, शाळेची खोली, माजघर, ओसरी, हीं तिचीं ठिकाणें. तेथेंही ओसरीचें तोंड वाऱ्याकडे नसावें.

स्वस्त फितींत आणखी एक खोड आढळते. कारखान्यांत ती कधीं फार ताठ, कधीं फार सैल बसविलेली असते, आणि तिच्या पोटांतील लहान ट्रान्सफॉर्मर हलक्या प्रतीचा असतो. त्यामुळें एकाच नमुन्याचे दोन मायक्रोफोन दोन भावांइतके वेगळे निघतात. घेण्यापूर्वीं ज्या गळ्यासाठीं तो घ्यावयाचा त्याच गळ्यावर तो ऐकावा. दुसऱ्याच्या सतारीवर उत्तम वाजलेला मायक्रोफोन आपल्या एकतारीवर तसाच वाजेल असें नाहीं. समाधानाची बाब इतकीच कीं ही व्यंगें दुरुस्त होतात. जुनी फीत काढून नवी चुण्यांची फीत बसवितां येते, ट्रान्सफॉर्मर बदलतां येतो, आणि चुंबकाच्या टोकांस चिकटलेले लोखंडाचे कण चिकट पट्टीनें उचलतां येतात. हे कण काळ्या मातीच्या मुलुखांतल्या धुळींतूनही येतात, म्हणून काम संपल्याबरोबर मायक्रोफोनवर जाड कापडी पिशवी चढवावी आणि तो उभाच ठेवावा. आडवा ठेवल्यास फीत आपल्याच भारानें मध्यें लोंबते.